मोटारीची साखळी आणि कामगारवर्गाची एकजूट

(कामगार आघाडीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ऑक्टोबर २००९ मध्ये कॅनडातील ओकव्हिल येथील फोर्ड कंपनीचा जुळणी कारखाना एकाएकी बंद ठेवावा लागला. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात जनरल मोटर्सच्या कारखान्यांतही काम थांबले. तेथे संप नव्हता, यंत्रेही बिघडली नव्हती. गिअरबॉक्सला लागणारे काही सुटे भाग मात्र येईनासे झाले होते. ते भाग हरियाणातील गुडगाव येथील रिको ऑटो या कारखान्यातून जात असत आणि त्या कारखान्याचे कामगार लढ्यात उतरले होते. युनियन बांधण्याचा हक्क मिळावा आणि निलंबित कामगारांना परत कामावर घ्यावे, एवढीच त्यांची मागणी होती. १८ ऑक्टोबरच्या रात्री फाटकाबाहेर झालेल्या हल्ल्यात एक कामगार ठार झाला. २० ऑक्टोबर रोजी गुडगाव पट्ट्यातील कामगार बाहेर पडले. कामगार संघटनांच्या अंदाजानुसार त्यांची संख्या सुमारे एक लाख होती.

या घटनेतून दोन गोष्टी एकदमच दिसतात. ज्या कामगाराला स्वतःच्या कारखान्यात युनियनचा कागद मान्य करून घेता येत नव्हता, त्याच्या हातांवाचून सातासमुद्रापलीकडचे कारखाने चालत नव्हते, ही पहिली. आणि आपल्या हातांत एवढी ताकद आहे याची जाणीव त्याला किंवा ओकव्हिलच्या कामगाराला कोणी करून दिली नव्हती, ही दुसरी. या दोहोंमधील अंतर कसे भरून काढावयाचे, हाच आजचा विषय आहे.

साखळी म्हणजे काय?

शेवटच्या स्क्रूपर्यंत मोजले तर एका मोटारीत सुमारे ३० हजार भाग असतात. मोटारीवर ज्या कंपनीचे नाव असते ती यांपैकी थोडेच भाग स्वतः बनविते. आराखडा, इंजिनाचे तंत्र, बोधचिन्ह, विक्रीची व्यवस्था आणि कर्जपुरवठा एवढे ती स्वतःच्या मुठीत ठेवते. बाकीचे काम पुरवठादारांकडे जाते. पहिल्या थरात ब्रेक, आसने, वीजजोडणी असे संपूर्ण संच बनविणाऱ्या मोठ्या कंपन्या असतात. त्यांना भाग पुरविणारे मध्यम कारखाने दुसऱ्या थरात येतात. त्यांच्याही खाली ओतशाळा, लेथशॉप, प्रेसशॉप आणि मुलामा देण्याचे छोटे कारखाने असतात. तेथे दहा-वीस माणसे काम करतात, आणि त्यांच्या हजेरीपटावरील नावे दर काही महिन्यांनी बदलतात.

वरचा थर दरवर्षी खालच्या थराकडे भाव उतरविण्याची मागणी करतो. तो ही मागणी आपल्या खालच्यावर ढकलतो. असे करीत करीत हा दाब शेवटी कामगारावर येऊन थांबतो, कारण त्याच्या खाली ढकलण्यासारखे कोणी उरलेले नसते. वरकड मूल्य लेथवर निर्माण होते आणि त्याचा मोठा हिस्सा साखळीच्या माथ्यावर गोळा होतो. छोट्या कारखान्याचा मालक नेहमीच गब्बर असतो असे नाही. पुष्कळदा तो स्वतः कर्जात बुडालेला असतो. म्हणून केवळ त्याच्या दारात उभे राहून मजुरीचा प्रश्न पुरता सुटत नाही, हे कामगार संघटनेने ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरा विशेष असा की, मोठे कारखाने सुट्या भागांचा साठा ठेवीत नाहीत. माल ज्या पाळीत लागावयाचा त्याच पाळीत तो दारात आला पाहिजे, ही पद्धत जपानमधून जगभर पसरली. साठ्यात अडकणारे भांडवल तिने वाचविले. पण त्याचबरोबर एका छोट्या दुव्यावर संपूर्ण यंत्रणा थांबण्याची शक्यताही तिने निर्माण केली. १९९८ मध्ये अमेरिकेतील फ्लिंट येथील दोन सुट्या भागांच्या कारखान्यांत ५४ दिवस संप चालला आणि उत्तर अमेरिकेतील जनरल मोटर्सचे जवळपास सगळे जुळणी कारखाने ठप्प झाले. मे २०१० मध्ये चीनमधील फोशान येथे होंडाच्या गिअरबॉक्स कारखान्यातील तरुण कामगारांनी काम थांबविले. त्याबरोबर होंडाचे त्या देशातील चारही जुळणी कारखाने बंद पडले आणि कंपनीला लक्षणीय वेतनवाढ द्यावी लागली.

आपल्या देशाचा अनुभव

भारतात मोटारीचा धंदा सुरू झाला तो जुळणीपासून. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत परदेशी भागांची जुळणी सुरू केली आणि फोर्डही मागोमाग आली. स्वातंत्र्यानंतर, १९५३ मध्ये, जकात आयोगाने शिफारस केली की, ज्यांच्यापाशी भाग येथेच बनविण्याचा कार्यक्रम असेल त्यांनीच या धंद्यात राहावे. तेव्हा या दोन्ही कंपन्यांनी गाशा गुंडाळला. मागे राहिले ते उत्तरपाड्याचे हिंदुस्थान मोटर्स, कुर्ल्याचे प्रीमियर आणि त्यांच्या बरोबरीचे काही कारखाने. संरक्षणामुळे देशात धातुकाम आणि हत्यारकाम उभे राहिले, हे खरे. पण त्याच संरक्षणाच्या आडोशाला देशी मक्तेदारांनी वर्षानुवर्षे जुनीच मोटार चढ्या भावाने विकली आणि संशोधनावर खर्च करण्याचे टाळले, हेही तितकेच खरे. १९८० च्या सुमारास देशातील मोटारींचे उत्पादन वर्षाला पन्नास हजारांच्या आतच होते.

१९८१ मध्ये सार्वजनिक क्षेत्रात मारुती उद्योग स्थापन झाला. १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला आणि डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. सुझुकीचा हिस्सा आरंभी २६ टक्के होता. तो पुढे ४० टक्के आणि १९९२ मध्ये ५० टक्के झाला. २००२ मध्ये बहुमताचे भागभांडवल सुझुकीच्या हाती गेले. टप्प्याटप्प्याने देशी भाग वापरण्याची अट असल्यामुळे गुडगावच्या भोवती शेकडो सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले; रिको त्याच पट्ट्यातला. परंतु आराखड्याचे स्वामित्व जपानमध्येच राहिले. त्यापोटी दरवर्षी स्वामित्वशुल्क बाहेर जात राहिले आणि काही वर्षे ते विक्रीच्या पाच टक्क्यांहूनही अधिक होते. कारखाना देशात उभारला गेला असला, तरी तंत्राची किल्ली देशाच्या हाती आली नव्हती.

अट कोणी घालावयाची?

यानंतरचे प्रकरण प्रत्येक कार्यकर्त्याने नीट समजून घ्यावे असे आहे. १९९१ नंतर परदेशी मोटार कंपन्या रांगेने आल्या. डिसेंबर १९९७ मध्ये सरकारने जाहीर सूचना क्रमांक ६० काढली. परदेशी कंपनीने तिसऱ्या वर्षापर्यंत ५० टक्के व पाचव्या वर्षापर्यंत ७० टक्के देशी भाग वापरावेत आणि जेवढ्याचे भाग आयात करील त्या प्रमाणात निर्यात करावी, असे बंधन तीत होते. अमेरिका आणि युरोपीय समुदाय या अटींविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले. डिसेंबर २००१ मध्ये लवाद मंडळाचा निर्णय भारताच्या विरुद्ध गेला. भारताने केलेले अपील २००२ मध्ये मागे घेतले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये नवे मोटार धोरण जाहीर झाले आणि या क्षेत्रात १०० टक्के परकीय भांडवलाला आपोआप मंजुरी मिळू लागली.

देशी भागांची अट गरीब देशाने घातली की तो व्यापारातील अडथळा ठरतो. आता श्रीमंत देश काय करतात ते पाहा. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्यात जुलै २०२० पासून जो व्यापार करार अमलात आला, त्यात बिनजकातीने जाणाऱ्या मोटारीचे ७५ टक्के मूल्य त्याच तीन देशांत निर्माण झालेले असावे, असे कलम आहे. हे काम मुक्त व्यापार कराराच्या कलमातून झाले, म्हणून ते नियमात बसते. भारताने ते सरकारी सूचनेतून केले, म्हणून ते नियमबाह्य ठरले.

आणि आज भारत सरकारही देशी मूल्यवृद्धीची भाषा पुन्हा बोलते, पण तिचा अर्थ उलटा झाला आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये मोटार उद्योगासाठी २५,९३८ कोटी रुपयांची उत्पादन-प्रोत्साहन योजना मंजूर झाली. तिचा लाभ घेण्यासाठी ५० टक्के देशी मूल्यवृद्धी दाखवावी लागते. म्हणजे १९९७ मध्ये जी अट भांडवलावर घातली होती, तीच आता सरकारी तिजोरीतून पैसे मोजून भांडवलाकडून विकत घ्यावयाची. मार्च २०२४ च्या विद्युत मोटार योजनेत तर ४,१५० कोटी रुपये गुंतविण्याचे वचन देणाऱ्या कंपनीला महाग गाड्या १५ टक्के शुल्कात आयात करण्याची सवलत ठेवली. या योजनांत भागांचे प्रमाण मोजले जाते, विक्री मोजली जाते, गुंतवणूक मोजली जाते. किती कामगारांना कायम केले, हे मात्र सवलतीच्या अटींत मोजले जात नाही.

भांडवल येते आणि जाते

सवलती देऊन भांडवल टिकते का, याचे उत्तर महाराष्ट्राने आणि तमिळनाडूने अनुभवले आहे. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातील विक्री बंद केली. तळेगावचा कारखाना निर्यातीपुरता चालू ठेवला आणि डिसेंबर २०२० मध्ये तोही थांबविला. कामगारांचा प्रश्न न्यायालयांत आणि वाटाघाटींत रेंगाळत असताना जमीन आणि यंत्रे विकण्याचे व्यवहार चालू राहिले. २०२३ मध्ये ह्युंडाईशी करार झाला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये साणंद आणि चेन्नई येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. त्याची झळ सुमारे चार हजार कामगारांना बसेल, असे कंपनीनेच सांगितले होते. सुटे भाग पुरविणाऱ्या कारखान्यांतील कामगार त्या आकड्यात नव्हते. साणंदचा कारखाना पुढे टाटांनी घेतला. चेन्नईजवळच्या त्याच कारखान्यात इंजिने बनविण्याबाबत फोर्डने ऑक्टोबर २०२५ मध्ये तमिळनाडू सरकारशी नवा करार केला. कारखान्याची इमारत चार वर्षे कुलूपबंद राहू शकते. कामगाराची चूल चार दिवसही थांबू शकत नाही.

जे कारखाने चालू आहेत त्यांच्या आत काय चालते? वार्षिक उद्योग पाहणीनुसार संघटित कारखान्यांतील कामगारांपैकी सुमारे ४० टक्के आता कंत्राटी आहेत. एकाच पट्ट्यावर, एकाच पाळीत, एकाच प्रकारचे काम करणाऱ्या दोघांच्या पगारात दुपटी-तिपटीचे अंतर असते. प्रशिक्षणार्थी, शिकाऊ, ठरावीक मुदतीचा, हंगामी अशी नावे निरनिराळी असली, तरी हेतू एकच. मानेसरच्या मारुती कारखान्यात २०११ मध्ये कायम आणि कंत्राटी कामगार एकत्र बसले, तेव्हा व्यवस्थापनाला सर्वांत अधिक खुपली ती हीच एकी. १८ जुलै २०१२ च्या संघर्षात एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. त्या मृत्यूचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु त्यानंतर ५४६ कायम कामगारांना काढून टाकण्यात आले आणि सुमारे दीडशे कामगार तुरुंगात गेले. मार्च २०१७ मध्ये न्यायालयाने त्यांपैकी ११७ जणांना निर्दोष सोडले. वर्षानुवर्षे गजाआड घालविलेला त्यांचा काळ कोणी परत दिला नाही. १३ जणांना जन्मठेप झाली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आहेत. सरकारी परवानगीवाचून कामगारकपात वा टाळेबंदी करण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली आहे. मोटारीच्या साखळीतील दुसऱ्या-तिसऱ्या थराचे बहुतेक कारखाने या मर्यादेच्या आतच येतात. साखळीचा जो भाग सर्वांत दुबळा होता, त्याच्यावरचे उरलेसुरले छप्पर काढून घेतले, असा याचा अर्थ होतो.

साखळी पुन्हा हलते आहे

विद्युत मोटारीमुळे आता ही साखळी मुळापासून बदलू लागली आहे. या मोटारीत इंजिन नाही, धुराची नळी नाही, अनेक दातेरी चाकांचा गिअरबॉक्स नाही, पिस्टन नाही, इंधनाचा पंप नाही. मूल्याचा मोठा वाटा बॅटरीकडे जातो आणि जगातील तीन चतुर्थांशांहून अधिक बॅटरी चीनमध्ये बनतात. कोल्हापूरच्या ओतशाळा, पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण आणि वाळूज येथील यंत्रशाळा, पिथमपूर आणि देवासचे कारखाने, कोइम्बतूर, राजकोट, जमशेदपूर-आदित्यपूर या सर्व ठिकाणी इंजिनाचे भाग बनविण्यावर हजारो घरे जगतात. त्यांच्यापुढे दहा-पंधरा वर्षांत काय वाढून ठेवले आहे, याचा विचार सत्ताधारी वर्ग करीत नाही.

चीन येथवर कसा पोचला, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. १९९४ च्या मोटार धोरणाने परदेशी कंपनीला जुळणीच्या धंद्यात निम्म्याहून अधिक हिस्सा घेण्यास मनाई केली. २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश केल्यावरही ही मर्यादा चीनने सोडली नाही. प्रवासी मोटारींच्या बाबतीत ती २०२२ मध्ये उठविली. त्या काळात सार्वजनिक बँका, विद्यापीठे, बॅटरीचे संशोधन आणि खनिजांचे शुद्धीकरण यांवर राज्याने नियोजनपूर्वक खर्च केला. २०२३ मध्ये जपानला मागे टाकून चीन जगातील सर्वांत मोठा मोटार-निर्यातदार झाला. ४ एप्रिल २०२५ रोजी त्याने काही दुर्मीळ मृदा धातू व त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, आणि जपानमध्ये सुझुकीला स्विफ्ट गाडीचे उत्पादन काही दिवस थांबवावे लागले. नियोजनाची ताकद यातून दिसते. तेथील कारखान्यांत कामाचे तास लांब आहेत आणि भावयुद्धाचा भार कामगारावर पडतो, हे न लपविताही हा धडा घेता येतो.

जकातीची भिंत आणि कामगार

या बदलाला घाबरलेली साम्राज्यवादी भांडवलशाही पुन्हा जकातीकडे वळली आहे. २०२४ मध्ये अमेरिकेने चिनी विद्युत मोटारींवर १०० टक्के शुल्क बसविले. ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने नेहमीच्या १० टक्क्यांखेरीज ३५.३ टक्क्यांपर्यंत जादा शुल्क लावले. ३ एप्रिल २०२५ पासून ट्रम्प सरकारने आयात मोटारींवर आणि मे महिन्यापासून सुट्या भागांवर २५ टक्के शुल्क लावले. भारतातून निर्यात होणाऱ्या सुट्या भागांचा सुमारे चौथा हिस्सा अमेरिकेत जातो. म्हणून त्या शुल्काचा फटका लुधियाना, फरिदाबाद आणि पुण्याच्या पाळ्यांना बसतो. दुसरीकडे मे २०२५ मध्ये ब्रिटनशी आणि जानेवारी २०२६ मध्ये युरोपीय संघाशी वाटाघाटी पुऱ्या करून भारताने मोटारींवरील १०० टक्क्यांच्या वरचे शुल्क ठरावीक संख्येपुरते टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणण्याचे मान्य केले आहे.

येथे कामगार चळवळीची कसोटी लागते. अमेरिकेतील मोटार कामगारांच्या संघटनेने २०२३ मध्ये तीन बड्या कंपन्यांविरुद्ध संप करून साडेचार वर्षांत २५ टक्के वेतनवाढ मिळविली. तो लढा सर्वांनी गौरवावा असाच होता. पण त्याच संघटनेने २०२५ मध्ये मोटारींवरील जकातीचे स्वागत केले. बंद पडलेल्या गावांतील त्या कामगारांचा राग समजण्यासारखा आहे. तरीही ज्याने कारखाना मेक्सिकोत नेला तो मेक्सिकोचा कामगार नव्हता. नेला तो डेट्रॉइटच्या मालकाने. मार्क्सने जानेवारी १८४८ मध्ये ब्रुसेल्स येथे मुक्त व्यापारावर व्याख्यान दिले. मुक्त व्यापारातील स्वातंत्र्य हे भांडवलाचे असते, आणि म्हणून संरक्षक जकातीत कामगाराचे तारण शोधावे असेही नाही, अशी त्यातील मांडणी आजही लागू पडते.

मग दुसरा मार्ग कोणता? तो मेक्सिकोतील सिलाओ येथे दिसला. जनरल मोटर्सच्या त्या कारखान्यातील कामगारांनी ऑगस्ट २०२१ मध्ये मालकधार्जिण्या संघटनेचा करार मतदानाने फेटाळला. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी स्वतंत्र संघटना निवडून आणली आणि त्याच वर्षी ८.५ टक्के वाढ मिळविली. त्यांना सीमेपलीकडच्या कामगारांचे पाठबळ होते. मेक्सिकोतील मजुरी वाढली की डेट्रॉइटच्या मजुरीवरचा दाब तेवढा कमी होतो. हा आंतरराष्ट्रीयवाद भावनेचा प्रश्न नाही. तो पगाराच्या हिशेबाचा प्रश्न आहे.

हाच हिशेब घराजवळही लागू आहे. चाकणच्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, मराठवाडा आणि विदर्भ येथून आलेली मुले एका खोलीत राहतात. त्यांच्यात भाषेवरून भांडण लावणारे पक्ष कंत्राटदाराचेच काम करीत असतात. पिथमपूरला, बेळगावला, बडोद्याला किंवा हैदराबादला काम करणारा मराठी कामगार तेथे बाहेरचाच समजला जातो, याची आठवण या मंडळींना करून द्यावी लागेल.

तातडीची कामे

पहिले काम अभ्यासाचे. प्रत्येक औद्योगिक पट्ट्यातील शाखेने आपल्या भागातील कारखाने कोणते भाग बनवितात, ते कोणाला जातात, त्यांपैकी किती भाग विद्युत मोटारीत लागणार नाहीत, याची नोंद तयार करावी. मालकांपाशी हा नकाशा असतो. कामगारांपाशीही तो असला पाहिजे.

दुसरे काम संघटनेचे. कायम कामगारांच्या युनियनने कंत्राटी आणि मुदतीच्या कामगारांना सभासद करून घेतले पाहिजे. छोट्या कारखान्यांसाठी कारखानानिहाय युनियन अपुरी पडते. तेथे संपूर्ण पट्ट्याची एक संघटना हवी, आणि तिने साखळीच्या माथ्यावरील कंपनीलाही जबाबदार धरले पाहिजे.

तिसरे काम मागण्यांचे. सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक कंपनीवर कायम नोकऱ्या, समान कामाला समान वेतन आणि कारखाना सोडताना कामगारांचे देणे सर्वांत आधी फेडणे या अटी घातल्या पाहिजेत. इंजिनाच्या भागांवर जगणाऱ्या कामगारांना वेतनासह पुनर्प्रशिक्षण मिळाले पाहिजे. बॅटरी आणि चुंबक यांचे संशोधन व उत्पादन सार्वजनिक क्षेत्रात उभारले पाहिजे. नाहीतर स्वामित्वशुल्काचा जुना इतिहास नव्या नावाने पुन्हा घडेल.

चौथे काम संपर्काचे. गुडगावच्या कामगाराचा संप चालू असताना ओकव्हिलच्या कामगाराला घरी का बसावे लागले, हे त्याला मालकाकडून कळले. ते त्याला गुडगावच्या युनियनकडून कळावयास हवे होते. पुढच्या वेळी ते पत्र आधी पोचले पाहिजे.